सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर

बंकटच्या भंगारात पत्र्याच्या शेडखाली उकिडवा बसून शहादेव एका मोठ्या ट्रान्सफॉर्मरवरची धूळ अंगठ्यानं पुसत होता, तेव्हा अंगठा एका गाठीवर अडला. सुती दोऱ्याची गाठ, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, वार्निश पिऊन दगडासारखी झालेली. वायरींचा जुडगा जिथून बाहेर निघतो तिथं तार गुंडाळून वाइंडिंग करणारे दोरा बांधतातच, त्यात नवल काही नव्हतं. पण वेढे उलट्या बाजूनं गेले होते, आणि शेवटचं टोक वेढ्यांखालून काढून पुन्हा त्यांच्याच पोटात खोवलं होतं. शहादेवला कंबरेशी, पँटच्या पट्ट्याच्या आत, काहीतरी आवळल्यासारखं झालं. डोक्यात अजून काहीच आलं नव्हतं. कंबरेला आधी कळलं.

"काय साहेब, करंट बसला का?" तराजूपाशी बसलेला बंकट हसला. "तोडून ठिवलेल्या मालात कुटला आलाय करंट."

"हे कुटून आलं रे?"

"सिरसाळ्याहून. तिथली जुनी सोसायटी मोडली की. गोडाऊनातलं समदं मी उचललं. भोंग्याची मशीन व्हती, तिच्यातलं हाय हे. लई जड हाय. तांबं चांगलं निघंल."

शहादेव आला होता लहान ट्रान्सफॉर्मरसाठी. घरी तो व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या दिव्यांचा, प्रीॲम्प जुळवत होता. रेकॉर्डच्या सुईतून निघणारा केसाएवढा आवाज मोठ्या ॲम्प्लिफायरला ऐकू जाईल इतका करायचा, एवढंच त्याचं काम. दोन व्हॉल्व्ह, मूठभर सुटे भाग आणि ॲल्युमिनियमचा एक डबा. सगळं जमलं होतं, फक्त ह्या सगळ्याला वीज पुरवणारा जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर परळीत कुठं मिळत नव्हता. बंकटनं दोन काढून ठेवले होते. एक घरगुती रेडिओतला, अडीचशे व्होल्टचा, सुबक, अगदी पाहिजे तसा. दुसरा हा सोसायटीच्या भोंग्याचा, चारशे व्होल्ट सोडणारा. प्रीॲम्पला हा लावणं म्हणजे चहाचा कप ओढायला बैलजोडी जुंपणं. शहादेव परळीच्या थर्मल वीजकेंद्रात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला तीस वर्षं काढलेला माणूस. कुठला घ्यायचा ह्याचा विचारसुद्धा करायची गरज नव्हती. तरी उठताना त्यानं दोन्ही पिशवीत टाकले, आणि स्कूटरवर बसल्यावर त्या जड पिशवीचा कोपरा पोटरीला घासत राहिला तर त्याला ते बरं वाटत राहिलं.

यंदा धरणात पाणी नव्हतं म्हणून थर्मलचे संच बंद पडले होते. चिमण्यांतून धूर निघत नव्हता आणि आकाश कधी नव्हे ते धुतल्यासारखं निळं दिसत होतं, उगाचच, कुणाच्या उपयोगाचं नसलेलं निळं. कामावर जायचं, सही करायची, गार पडलेल्या यंत्रांमधून चक्कर मारायची आणि परत यायचं. इतकी वर्षं कानाच्या तळाशी जी घरघर साचून होती ती गेली तेव्हा तिच्याखाली काय काय होतं ते वर यायला लागलं. सुरुवातीला त्याला वाटलं, आपल्याला कान वाजण्याचा आजार झाला. मग त्यानं जुन्या बाजारातून रेकॉर्ड प्लेअर आणला, मग व्हॉल्व्ह, मग सोल्डरिंगची तार. सिंधुबाई, त्याची बायको, हे सगळं बघत होती. काही बोलत नव्हती, म्हणजे कमी बोलत होती. "राख पडंना तर कपडे लई पांढरे निघायलेत," ती परवा दोरीवर लुगडं टाकताना म्हणाली होती, "पर धुवायला पानी न्हाई."

आज पिशवीतून दोन ट्रान्सफॉर्मर निघालेले बघून ती म्हणाली, "एक आनायला गेलते ना? आता दोन डबे करनार का?"

"बघतो. कुठला चांगला निघंल ते."

त्यानं भिंतीतल्या सॉकेटला सिरीज बल्ब जोडला. वीज बल्बातून होऊन ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते. आत तारा कुठं एकमेकींना चिकटल्या असतील तर बल्ब भगभगून पेटतो, नसतील तर मंद होतो. रेडिओवाला लावला. बल्ब क्षणभर चमकला आणि निखाऱ्यासारखा मंद झाला. उत्तम. मग भोंग्याचा लावला. तोही मंद झाला, पण पूर्ण नाही, आणि पत्र्यांतून एक बारीक गुणगुण निघाली जी टेबलाच्या लाकडातून त्याच्या कोपरांत चढली. त्यानं बटण बंद केलं. कोपरं तशीच टेबलावर राहिली. नऊ वर्षांचा तो ह्याच आवाजाच्या खाली, टेबलाखाली, बसायचा.

सिरसाळ्याच्या सोसायटीत भोंग्याचं मशीन आलं तेव्हा ते चालवायला शहादेवच्या थोरल्या भावाशिवाय, बन्सीदादाशिवाय, गावात कुणी नव्हतं. दादा अंबाजोगाईला एका रेडिओवाल्याकडं राहून शिकून आलेला. बौद्धवाड्यातला पोरगा सोसायटीच्या खोलीत खुर्चीवर बसणार हे काहींना रुचलं नाही, पण चेअरमन नागप्पा व्यापारी माणूस. म्हणाले, ज्याला येतंय तो करील. बहात्तरचा दुष्काळ पडला आणि भोंग्याला दिवसभर काम लागलं. खडी फोडायच्या कामावर कुणाचा गट कुठं, सुकडी कधी वाटणार, लहान पोरांचं दूध कुठं मिळणार. बायकांना बाईचा आवाज लवकर कळतो म्हणून नागप्पांनी आपल्या मॅट्रिक झालेल्या पोरीला, गंगासागरला, माईकपुढं बसवलं. ती बोलायची आणि दादा बटणं फिरवायचा. शहादेव टेबलाखाली बसून मशीनच्या जाळीतून आतले दिवे बघायचा. काचेच्या पोटात तांबूस तार, लांब कुठंतरी चूल पेटल्यासारखी. वर ती दोघं गप्प असायची. बोलणं संपलेलं असायचं, मशीन बंद करायचं असायचं, आणि कुणीच बंद करायचं नाही. ती गुणगुण तशीच चालू राहायची आणि गावाला भोंग्यातून नुसती फुरफुर ऐकू यायची. गाव म्हणायचं, मशीन बिघडली वाटतं.

दादा डावखुरा. शहादेवच्या चड्डीची नाडी तोच बांधायचा, आणि ती दुसऱ्या कुणाला सुटायची नाही. शाळेत लघवीला लागली की शहादेव सोसायटीकडं पळत सुटायचा, दादा हसत हसत एका बोटानं गाठ सोडायचा. एके दिवशी पहाटे दादानं त्याला उठवून नाडी बांधली. असं अंधारात कधी बांधली नव्हती. "घट झाली का?" त्यानं विचारलं. शहादेव झोपेत होता, हूं म्हणाला. दिवस वर आल्यावर गावात कळलं की बन्सी आणि चेअरमनची पोरगी रात्रीतून गेली.

पुढचं सगळं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दारापुढं माणसं. मुकादमानं मायची हजेरी मांडायची बंद केली ते. माय, केशरबाई, भिंतीला टेकून बसली होती आणि म्हणाली होती, "तो मला मेला." पण त्याला स्पष्ट आठवते ती नाडी. ती कुणाला सुटेना आणि तो कुणाला हात लावू देईना. दादा येईल, सोडील. चड्डी ओली झाली, वास मारायला लागली, तरी देईना. शेवटी मायनं त्याला मांडीखाली दाबून विळ्यानं नाडी कापली, आणि तेव्हा तो जो रडला तसा पुढं कधी रडला नाही, मायच्या मयतीतही नाही. नंतर मायलेकरं परळीला आली. थर्मलचं बांधकाम चालू होतं, मायला माती वाहायचं काम मिळालं, आणि ती त्याच थर्मलच्या भिंतीच्या सावलीत म्हातारी झाली.

त्यानं बारीक पक्कडीनं ट्रान्सफॉर्मरच्या कडेचं कव्हर काढलं. आत मेणकागदाचे पदर असतील, वार्निशचं कापड असेल, दादाच्या बोटांचं एकविसाव्या वर्षीचं काम असेल, असं मनाशी धरून त्यानं आत बघितलं. कागद नव्हता. वाइंडिंगवर पिवळी चकचकीत चिकटपट्टी गुंडाळलेली होती. तो तिच्याकडं बघत राहिला. ही पट्टी त्यानं स्वतः पहिल्यांदा हातात धरली ती थर्मलला लागल्यावर. त्याआधी इकडं कुणाकडं ती नव्हतीच. बहात्तरमध्ये असणं शक्य नव्हतं. आणि गाठ ह्या पट्टीच्या वर बांधलेली होती. म्हणजे दादा गेल्यावर कितीतरी वर्षांनी ह्या ट्रान्सफॉर्मरला दादाचा हात लागला होता. दादा आला होता. इथं, आसपास, कुठंतरी बसून त्यानं हे काम केलं, वायरी बांधल्या, आणि न भेटता निघून गेला. सिंधुबाई चहा घेऊन आली तर तो कव्हर हातात धरून तसाच बसलेला.

"जळका निघाला का?"

"न्हाई," तो म्हणाला. "चांगलाय."

सोसायटीच्या मशीनची देखभाल दादानं गाव सोडल्यावरही नागप्पांच्याच घरात राहिली होती. त्यांचा मुलगा, गंगासागरचा थोरला भाऊ मन्मथप्पा, ह्याचं परळीला मोंढ्याजवळ इलेक्ट्रिकचं दुकान होतं. शहादेव त्या दुकानावरून इतकी वर्षं जात होता. नमस्कार व्हायचा. पंखे विकत घेतले होते, बल्ब घेतले होते. एकाची बहीण गेली होती आणि एकाचा भाऊ, एकाच रात्री, आणि त्यावर दोघांत एक शब्द कधी झाला नव्हता. दुकानात शिरताना त्याला वाटलं, आपण परत फिरावं; हे जे न बोलणं होतं तेच आपल्या दोघांतलं नातं होतं, ते मोडलं तर काय उरेल. पण पाय चढून गेले. त्यानं पिशवीतून ट्रान्सफॉर्मर काढला आणि काउंटरवर ठेवला.

मन्मथप्पा आता पंचाहत्तरीच्या पुढचे. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बंडी. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही, नुसतं गाठीवरून बोट फिरवलं.

"बंकट्यानं इकला का तुला?"

"अप्पा, आतली पिवळी पट्टी बहात्तरला नव्हती."

"नव्हती."

"म्हंजी दादा आलता."

"तो न्हाई आला," मन्मथप्पा म्हणाले. "मी गेलतो."

मग त्यांनी पोत्यानं झाकलेल्या माठातून त्याला अर्धा पेला पाणी दिलं आणि आवाज न चढवता, भाव सांगावा तसं सांगायला लागले. बसवकल्याणच्या जत्रेत त्यांना गंगासागर दिसली. डोक्यावर पदर, कडेवर पोरगी. बीदरला राहते म्हणाली, बन्सीनं वाइंडिंगचं दुकान टाकलंय. बाबा जिवंत होते, घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात टँकर कुठं येणार ते सांगून सांगून भोंग्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला. "मी बाबाला म्हनलं, बीदरला एक चांगला वाइंडर हाय. बाबा म्हनले, जा. हे बोचकं मांडीवर घिऊन गेलो. तिच्या घरी जेवलो. दुसऱ्या साली उन्हाळा आला, मला तर जायचं व्हतं, अन् हे काय जळंना." त्यांनी माठावरचं पोतं सारखं केलं. "मंग मीच जाळला. उलटा जोडून. लई डाव जाळला बे. बन्सी म्हनायचा, अप्पा, तांबं वाया जायलंय, तसंच या की. पर तसं कसं जायचं?"

शहादेवला हसू आलं. बीदर. परळीहून निघणारी गाडी सरळ तिकडंच जाते. उदगीर, भालकी, बीदर. लहानपणापासून तो ह्या गाडीची शिट्टी ऐकत होता. रुळाच्या ह्या टोकाला तो आणि त्या टोकाला दादा, आणि मधून हा माणूस मांडीवर लोखंड घेऊन जात-येत होता.

"मला कावून न्हाई सांगितलं, अप्पा?"

"केशरबाईला सांगितलं व्हतं."

शहादेवनं हातातला पेला काउंटरवर ठेवला.

"पयल्याच खेपंला. तिच्या दारात जाऊन सांगितलं. ती म्हनली, माझ्या शादेवला सांगू नका. एक गेला, दुसरा बी त्याच्यामागं जाईल. तुला तवा नुकतीच नोकरी लागलती. मी दर साली जाताना ती कुरडया द्यायची, तिळाची चटणी द्यायची." मन्मथप्पांनी त्याच्याकडं न बघता म्हटलं, "एकदा माझ्यासंगं आलती बी ती. दसऱ्याला."

दसऱ्याला. त्या वर्षी माय नागपूरला दीक्षाभूमीवर जाते म्हणून निघाली होती. पांढरं लुगडं त्यानंच आणून दिलं होतं. वाड्यातल्या बायकांबरोबर जाते म्हणाली, स्टँडवर येऊ नको म्हणाली. परत आली तेव्हा त्यानं विचारलं होतं, काय काय बघितलं माय? "बघायचं ते बघितलं," ती म्हणाली होती आणि हसली होती, तोंडावर पदर न धरता, आणि मग भिंतीकडं तोंड करून गाढ झोपली होती. त्याला त्या झोपेचा तेव्हा किती आनंद झाला होता. पुढच्या साली ती खरोखर नागपूरला गेली, त्याला घेऊन. गर्दीत तिचा हात धरून चालताना ती आधी येऊन गेलेल्या माणसासारखी वाट दाखवत नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्यानं ते वयावर ढकललं होतं. आता दुकानाच्या काउंटरला धरून उभं असताना त्याला मेलेल्या मायचा संताप आला. मग तो कुणाचा आणि कशाचा संताप आहे ते कळेना. सगळ्यांनी मिळून त्याला नऊ वर्षांचाच ठेवला होता. सगळे जाऊन आले होते, जेवून आले होते. आणि तरी त्या संतापाच्या मधोमध एक थंडगार दिलासा होता, की तिनं बघितलं होतं. ती न बघता गेली नव्हती.

"दादा हाय का?" त्यानं विचारलं.

"हाय. बसतो दुकानात अजून."

"माय गेली तवा—"

"मी कळवलं व्हतं. दोघं आलते परळीला. टेशनावर बसले." मन्मथप्पांनी आता त्याच्याकडं बघितलं. "गंगासागर म्हनली, चला. त्यो उठंना. म्हनला, शादेव इचारील, मला कावून टाकून गेलास. काय सांगू त्याला? संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. मी डबा निऊन दिलता टेशनावर."

बाहेर मोंढ्यात टँकर आला होता. घागरींचा खडखडाट, बायकांचा कालवा. त्या गोंगाटात शहादेवला बरं वाटलं, कारण काही बोलावं लागत नव्हतं. त्यानं इतकी वर्षं हाच प्रश्न जपला होता, रोज थोडा थोडा घासून. आणि त्या टोकाला दादा त्याच प्रश्नाला भिऊन बसला होता. विचारणारा विचारायला जात नव्हता, आणि ज्याला विचारायचं तो स्टेशनावरून परत फिरत होता. त्यानं पिशवी उचलली. रिकामी.

"हे ने की," मन्मथप्पा म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

"मला काय करायचंय? बाबा जाऊन जमाना झाला. आता मला बहाना लागत न्हाई."

"मलाबी न्हाई लागत," शहादेव म्हणाला.

घरी येऊन त्यानं रेडिओतला ट्रान्सफॉर्मर डब्यावर ठेवला, चार स्क्रू आवळले, वायरी जोडल्या. हाताला सवय होती, मन त्यात नव्हतं, आणि म्हणूनच की काय काम नीट झालं. बटण दाबल्यावर व्हॉल्व्ह सावकाश तापले. रेकॉर्ड लावली. गाणं आलं, गोल, भरीव, मागच्या कोरड्या आवाजासारखं नाही. सिंधुबाई हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"चांगलं वाजतंय की." मग त्याच्या तोंडाकडं बघून ती जवळ आली. "काय झालं?"

त्यानं तिला सांगितलं. गाणं चालूच होतं. ती ऐकत ऐकत खाली बसली, सासूच्या नागपूरच्या गोष्टीशी आल्यावर तिनं तोंडाला पदर लावला, आणि तो हसण्यासाठी की रडण्यासाठी हे त्याला समजलं नाही. "लई धीराची बाई," ती शेवटी म्हणाली. मग म्हणाली, "मी भाकरी बांधून देते. सकाळच्या गाडीनं जा. मी आले तर तुमाला नीट बोलता यायचं न्हाई."

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. दोन्ही बाजूंना उघडी काळी रानं, भेगाळलेली, आणि मधेच एखाद्या वाळलेल्या तळ्याच्या मध्यात खड्डा खणून बसलेली माणसं. शहादेव वाक्यं जुळवत होता. आधी काय म्हणायचं, मग काय. उदगीर गेलं. भालकी गेलं. जुळवलेलं प्रत्येक वाक्य नऊ वर्षांच्या पोराच्या तोंडचं होतं, आणि ते आता पांढऱ्या मिशीच्या, चाळिशीचा चष्मा लावणाऱ्या माणसाच्या तोंडून कसं निघेल? आणि ज्याला म्हणायचं तो एकवीस वर्षांचा, केसांचा कोंबडा काढलेला दादा, तो तरी कुठं असणार होता? बीदर आलं तेव्हा त्याला वाटलं, बसून राहावं, गाडी जिथवर जाते तिथवर जावं. स्टेशनावरच्या बाकावर तो थोडा वेळ बसला. दादा परळीला असाच बसला असेल, तसाच. मग तो उठला.

मन्मथप्पांनी सांगितलेली गल्ली सापडायला वेळ लागला नाही. दगडी चौकटीचं बुटकं दुकान. आत अंधार, जळक्या वार्निशचा वास. एक थकलेला माणूस खाली मांडी घालून मोटारीच्या खाचांत तार बसवत होता, डाव्या हातानं. चष्मा कपाळावर सारलेला. बाहेरचं ऊन शहादेवच्या पाठीवर होतं आणि त्याची सावली आत त्या माणसाच्या हातावर पडली. माणसानं वर बघितलं. डोळे बारीक केले. हातातली तार सुटली आणि मोटारीवरून घरंगळत गेली.

"माय?" तो म्हणाला.

शहादेव चौकटीला धरून उभा राहिला. माय इथं आली तेव्हा त्याच्या आताच्याच वयाची होती, ह्याच दारात अशीच उन्हाला पाठ करून उभी राहिली असणार. त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं की तो तिच्यासारखा दिसतो. सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. आता लगेच बोलायला हवं होतं, नाव सांगायला हवं होतं. आतला म्हातारा जमिनीवर हात टेकून, गुडघे धरत, उठत होता, आणि त्याच्या तोंडावर जे आलं होतं ते शहादेवसाठी नव्हतं, पण ते थांबवायचा हक्कही आपल्याला नाही असं त्याला वाटलं. म्हणून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग खाली वाकून उंबऱ्यातून आत आला.

"दादा," तो म्हणाला, "मी शादेव."

म्हाताऱ्याचा उठता हात हवेतच राहिला. तो हात शहादेवनं धरला आणि त्याला उभं केलं. वजन काहीच नव्हतं. दादा त्याच्या खांद्यापर्यंतच येत होता.

"किती उंच झालास रे," दादा म्हणाला, आणि मागच्या दाराकडं वळून, फाटक्या आवाजात, गंगासागरला हाक मारायला लागला.